पेडणेकरांचा पत्रव्यवहार

पिंटी जोशीला वयाच्या नवव्या वर्षी सरकारी पत्र आलं.

जव्हारच्या अलीकडे एका टेकडीवर, सुट्टीत रिकाम्या असलेल्या एका शाळेत आमचं उन्हाळी शिबिर भरलं होतं. सिल्वासाची चाळीस मुलं आणि आम्ही चार शिक्षक. दुपारी पोस्टमन सायकल ढकलत टेकडी चढून यायचा आणि मी जेवणानंतर नावं पुकारून पत्रं वाटायचो. पिंटी तीन दिवस सलग रडत होती. तिला घरी जायचं होतं. चौथ्या दिवशी तिच्या नावाचं जाड तपकिरी पाकीट आलं. आत टाइप केलेला कागद होता.

"विषय : आपल्या बोक्याच्या वर्तणुकीबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपण शिबिरास गेल्या दिवसापासून आपला बोका श्री. गुंड्या हा रोज सायंकाळी सहा वाजता जिन्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी करीत आहे. निम्नस्वाक्षरीकारास त्याने दोनदा अडविले. सदर बोक्यास हा अधिकार आपण दिला आहे काय? दिला असल्यास तोंडी की लेखी? खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा. विलंबास आपण स्वतः जबाबदार राहाल."

पिंटीने ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे आली. "सर, खुलासा म्हणजे काय?"

मी सांगितलं. त्यानंतर दीड दिवस ती खुलासा लिहीत होती. रडायचं राहूनच गेलं.

पत्राखाली सही होती : वि. रा. पेडणेकर. मुलांना त्यातलं 'निम्नस्वाक्षरीकार' एवढंच आवडलं आणि त्या दिवसापासून पेडणेकर सगळ्या कॉलनीचे निम्नकाका झाले.

पेडणेकर माझे शेजारी. सरकारी क्वार्टर्समध्ये त्यांची आणि आमची भिंत एक. ते मूळचे वेंगुर्ल्याकडचे, मी दापोलीचा. ते एका कचेरीत हेडक्लार्क होते, मी मराठी शाळेत मास्तर. अंगाने किरकोळ, अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. निळं लिहायला आणि लाल स्वतःच्या चुका काढायला. हसताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांना विनोद समजतो की नाही, याबद्दल कॉलनीत दोन मतं होती.

बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "तोंडी नको, लेखी असू द्या," हे त्यांचं कायमचं उत्तर. आमची शिडी हवी होती तेव्हा ते दारात उभे राहिले, मला नमस्कार केला आणि 'शिडी मिळणेबाबत' असा अर्ज हातात ठेवून निघून गेले. मी शिडी घेऊन मागोमाग गेलो तर म्हणाले, "मंजुरीचा शेरा कुठे आहे?" मी अर्जावर 'दिली' असं लिहिलं. मग त्यांनी शिडी घेतली.

खेरडीहून मंगलीबाई दूध घेऊन यायची. पेडणेकर तिच्यासाठी रिकाम्या पातेल्यात चिठ्ठी ठेवायचे. तिला वाचता येत नव्हतं. ती चिठ्ठी घेऊन आमच्याकडे यायची. "मास्तर, आज काय म्हणतो तो साहेब?" मी वाचायचो : 'उद्या दूध अर्धा लिटर कमी.' ती म्हणायची, "त्याला सांग, बरं." मी भिंतीवर टकटक करून ओरडायचो, "बरं म्हणाली!" पलीकडून उत्तर यायचं नाही. तोंडी उत्तर त्यांच्या हिशेबी आलेलंच नसायचं.

अशा माणसाकडे पिंटीची आई गेली होती, कारण पहिल्यांदाच घर सोडलेल्या मुलीला काय लिहावं ते तिला सुचेना. तिने लिहायला घेतलं होतं, 'बाळा, रडू नकोस.' पेडणेकरांनी ते वाचलं आणि कागद परत दिला. म्हणाले, "रडू नकोस असं लिहिलं की मूल हमखास रडतं. मी बघतो."

पुढच्या वर्षी मे महिना आला तसे कॉलनीतले आईबाप त्यांच्या दाराशी येऊ लागले. पेडणेकर सगळ्यांना कोरा कागद द्यायचे. मुलाचं नाव, वय, कशाला घाबरतो, काय खात नाही, घरी कोणाशी भांडतो, हे सगळं लिहून द्यायचं. मग ते स्वतःच्या पैशाने आणलेल्या कागदावर, स्वतःच्या जुन्या टाइपरायटरवर पत्रं तयार करायचे. कचेरीतली टाचणीसुद्धा त्यांनी कधी वापरली नाही.

कारलं न खाणाऱ्या मुलाला पत्र गेलं की, आपण शिबिरात कारले खाल्ल्याची अफवा सिल्वासात पसरली असून आपल्या प्रतिष्ठेस बाधा येत आहे, तरी खरे काय ते कळवावे. अंधाराला घाबरणाऱ्या मुलीला विचारलं की, तेथील अंधार येथील अंधारापेक्षा किती जास्त आहे, याची पाहणी करून अहवाल पाठवावा. ती मुलगी दोन मैत्रिणींना घेऊन संध्याकाळनंतर मैदानाच्या टोकापर्यंत गेली आणि तिने अहवाल पाठवला : 'अंधार तेवढाच आहे. पण इथे काजवे जास्त आहेत.'

एकदा नऊ मुलगे खिडकीजवळ कोणी झोपायचं यावरून हमरीतुमरीवर आले. मी सहज पेडणेकरांना कळवलं. चार दिवसांनी नऊ पाकिटं आली. प्रत्येकात कागदाची एक कापलेली पट्टी. मुलांनी जेवणानंतर जमिनीवर पट्ट्या जुळवायला घेतल्या त्या चहाच्या वेळी जुळल्या. मजकूर होता : 'आपण सर्व जण एका जागी शांतपणे बसलात, याची नोंद घेण्यात आली आहे. खिडकीचे प्रकरण दप्तरी दाखल.'

सुनंदाचं पत्र मात्र वेगळं होतं. तिची आई पार दुसऱ्या मुलखातली, इथे सुताच्या कारखान्यात पॅकिंगला. तिला लिहिता येत नव्हतं. ती पेडणेकरांसमोर खाली बसली आणि बोलत गेली, पेडणेकर हाताने लिहीत गेले. सरकारी भाषा नाही, विषय नाही, खुलासा नाही. 'सुनी, तुले करमते का? मले तं नाही करमत. तुझा भाऊ तुझ्या जागेवर झोपते. तू आली की उठवतो त्याले.' खाली बाईचा निळा अंगठा. पेडणेकरांनी त्यात स्वतःचा एक शब्द घातला नव्हता. सुनंदाने ते पत्र कोणाला दाखवलं नाही. चार दिवस फ्रॉकच्या खिशात ठेवलं, आणि मधूनच बाहेर काढून त्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून बघायची.

त्या वर्षी मी पेडणेकरांना विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं?"

"एक आहे," ते म्हणाले. "वेंगुर्ल्याला असतो." आणि घरात गेले.

चार वर्षं भिंतीला भिंत लावून राहत होतो आणि मला हे माहीत नव्हतं. बाकीचं माझ्या बायकोने, सुमनने काढून घेतलं. ते तिने कसं काढलं हे ती मला आजही सांगत नाही. पेडणेकरांची बायको काविळीने गेली तेव्हा मुलगा मोहन तीन वर्षांचा होता. मावशीने त्याला उचलून नेलं. एकटा पुरुष, बदलीची नोकरी, सगळ्यांनाच ते बरं वाटलं. पेडणेकर वर्षातून दोनदा, पाच-पाच दिवस वेंगुर्ल्याला जायचे. मावशीची मुलं त्यांना 'सिल्वासाचे काका' म्हणायची. त्यांचं ऐकून मोहनही तसंच म्हणू लागला. कोणी त्याला सुधारलं नाही. पेडणेकरांनी तर नाहीच.

"त्याला शिबिराला बोलवा," सुमन त्यांना म्हणाली. "सगळ्यांच्या मुलांना पत्रं लिहिता. त्यालाही येऊ द्या की एकदा."

दोन दिवसांनी आमच्या दाराखालून चिठ्ठी आली : 'सूचना विचारात घेण्यात आली आहे.'

नव्वदच्या मे महिन्यात मोहन आला. अकरा वर्षांचा, उन्हाने रापलेला, चेहरा थेट पेडणेकरांचा. वागायला फार सभ्य. बसमध्ये चढताना बाकीची मुलं आईबापांच्या गळ्यात पडत होती. हे दोघं एकमेकांसमोर उभे होते.

"येतो," मोहन म्हणाला.

"बरं," पेडणेकर म्हणाले. "टॉवेल घेतलास?"

"घेतला."

सगळी बस भरेपर्यंत एवढंच बोलणं झालं.

तिसऱ्या दिवशी टपाल आलं. पिंटी आता तेरा वर्षांची झाली होती आणि शिबिरात दादागिरी करत होती. तिला पत्र होतं की, आपल्या उंचीत झालेली वाढ पूर्वपरवानगीशिवाय असल्याचे दिसून येते. सगळे हसले. मोहनही मनापासून हसला. मग मी त्याचं नाव पुकारलं. सगळी मुलं त्याच्याभोवती गोळा झाली, कारण खुद्द निम्नकाकांच्या मुलाचं पत्र म्हणजे काहीतरी खासच असणार.

साधं पोस्टकार्ड होतं. 'चि. मोहन यास अनेक आशीर्वाद. प्रकृतीस जपावे. वेळेवर जेवावे. पाण्यात उतरू नये. कळावे. वि. रा. पेडणेकर.'

पिंटीने कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच," मोहन म्हणाला आणि कार्ड वहीत ठेवलं.

दोन दिवसांनी दुसरं कार्ड आलं. तोच मजकूर. मग तिसरं. चौथ्या कार्डाला मुलांनी गोळा व्हायचं बंद केलं. पिंटीने आपलं पत्र त्याला वाचायला दिलं, मग बाकीच्यांनीही दिली. तो सगळ्यांची पत्रं वाचायचा आणि नीट घडी घालून परत करायचा. एका दुपारी भांडी विसळताना तो मला म्हणाला, "सर, काका फार मजेशीर आहेत, नाही?"

"तू त्यांना लिहीत जा की," मी म्हणालो.

"काय लिहू? ते मला ओळखत नाहीत फारसे." तक्रार नव्हती. भांडं धुऊन झालं म्हणावं, एवढ्या साधेपणाने त्याने ते सांगितलं.

रविवारी धान्य आणि भाजी आणायला जीप सिल्वासाला जायची. त्या रविवारी मी तिच्यात बसलो. दहाच्या सुमारास पेडणेकरांचं दार वाजवलं. ते टाइपरायटरपाशी बसले होते.

"तोंडीच बोलणार आहे," मी म्हणालो. "चालत नसेल तरी बोलणार आहे."

त्यांनी खुर्ची पुढे केली.

"मोहनला तुम्ही असली पत्रं का लिहिता?"

"कसली?"

"कोणीही कोणालाही लिहील तसली. पिंटीच्या उंचीची चौकशी करता, आणि त्याला पाण्यात उतरू नको? त्या टेकडीवर प्यायला पाणी टँकरने येतं, पेडणेकर!"

ते उठले. टेबलाचा खण उघडला आणि कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मी वरचा कागद घेतला. मोहनला लिहिलेलं पत्र होतं. आपण घरात फक्त तीन दिवस राहून गेलात, परंतु तेव्हापासून घरातील दुसऱ्या खुर्चीने रिकामी राहण्यास नकार दिला आहे, असं काहीतरी. दुसऱ्यात त्याच्या विसरलेल्या कंगव्याचा जबाब नोंदवला होता. तिसऱ्यात वेंगुर्ल्याचं आणि सिल्वासाचं अंतर मोजण्याचे पाच प्रकार होते. बाकीच्या मुलांना गेलेल्या कोणत्याही पत्राहून चांगली पत्रं होती ती. मी अठरा मोजली. सगळी पूर्ण होती, फक्त खाली सही नव्हती.

"मग ही पाठवत का नाही?"

"खाली काय लिहू?"

मी कागदाच्या तळाशी बघितलं.

"पोस्टकार्ड पाठवतो, त्याच्याखाली आख्खं नाव चालून जातं," ते म्हणाले. "असं पत्र लिहिल्यावर खाली वि. रा. पेडणेकर लिहिता येत नाही. काका लिहिलं तर ते खोटं. आणि दुसरं लिहायचं तर..." त्यांनी चष्मा काढून पुसला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी मालवणीत बोलले. "तो माका काका म्हणता, मास्तर. मी खाली बाबा लिवलंय आणि त्याका ता आवडला नाय, तर? पोरगो तिकडे सुखात आसा. त्याच्या सुखात मी कशाक कागद सरकवू?"

"बाकीच्या मुलांना लिहिताना नाही असे विचार येत?"

"ती माझी कुठे आहेत? त्यांना लिहिताना चुकलं तरी ती आपापल्या घरी जातात. याच्या बाबतीत चुकलं, तर दुरुस्त करायला मला वर्षात दहा दिवस मिळतात."

मास्तर असूनही मला शहाणपणाचं काही सुचलं नाही. म्हणून जे पहिलं तोंडात आलं ते बोललो. "मग त्यालाच विचारा."

"काय?"

"खाली काय लिहू ते. तो अकरा वर्षांचा आहे. सांगेल."

खाली जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी निघालो. पेडणेकर दारापर्यंत आले नाहीत.

शिबिर संपायला दोन दिवस उरले असताना निळं आंतर्देशीय आलं. पत्ता टाइप केलेला नव्हता, हाताने लिहिलेला होता. मोहन ते घेऊन आंब्याच्या झाडाखाली गेला. पिंटी लांबून बघत होती. तो परत आल्यावर तिने विचारलंच, "काय आहे?"

"सरकारी नाही," मोहन म्हणाला.

थोड्या वेळाने तो माझ्याकडे आला. "सर, मालवणीत पत्र लिहिलेलं चालतं?"

"चालतं की."

"एक कार्ड द्याल?"

मी दिलं. त्याने ते लिहून माझ्याच हातात टाकायला दिलं. पोस्टकार्ड उघडं असतं. मी वाचलं नाही असं म्हणणार नाही. मालवणीचं विचारून शेवटी त्याने लिहिलं होतं ते पुस्तकी मराठीतच.

'ति. स. न. वि. वि. तुमचे पत्र मिळाले. खाली काय लिहू असे तुम्ही विचारले आहे. मावशीच्या यजमानांना मी आप्पा म्हणतो. बाबा असे मी कोणालाच म्हणत नाही. ते नाव रिकामे आहे. तरी तुम्ही ते घ्यावे. पाण्यात उतरू नये असे लिहू नये, इथे पाणी नाही. मोहन.'

मी ते त्याच संध्याकाळी गावातल्या पेटीत टाकलं. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे सिल्वासाला परत आलो. कार्ड आलं नव्हतं.

पुढचे चार दिवस फार अवघड गेले. भिंतीपलीकडे बापलेक राहत होते. पेडणेकरांनी प्रश्न विचारला होता आणि उत्तराची वाट बघत होते. मोहनने उत्तर पाठवलं होतं आणि ते पोचायची वाट बघत होता. पोस्टमन दिसला की दोघंही व्हरांड्यात येऊन उभे राहायचे आणि तो पुढे गेला की एकेक करून आत जायचे. जेवणाच्या वेळी भांड्यांचे आवाज यायचे. "आमटी?" "पुरे." एवढंच.

"तुम्ही सांगून टाका हो," सुमन म्हणायची.

"दुसऱ्याचं पत्र मी कसं सांगू?"

"वाचताना आठवलं नाही ते?"

बुधवारी मोहनला न्यायला आप्पा आले. गोल, हसरे, सदऱ्याला घामाचे नकाशे. वेंगुर्ल्याहून येताना त्यांनी पेडणेकरांसाठी सुके बांगडे आणले होते. गुरुवारी सकाळी आम्ही सगळे स्टँडवर गेलो. बॅग मी घेतली होती, पेडणेकरांच्या हातात चिकूंची पिशवी होती. मुंबईची एस.टी. लागली, आप्पा चढले, मोहन चढला. पेडणेकर खिडकीखाली उभे राहिले. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि घड्याळात बघितलं.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. आत जागेची थोडी ओढाताण चालली होती. मग मोहनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आप्पा, तुम्ही आत सरका," तो म्हणाला. आणि खाली हात करून, "बाबा, पिशवी द्या इकडे."

आप्पांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग मुकाट्याने आत सरकले आणि त्याला खिडकी दिली.

पेडणेकरांनी पिशवी वर केली. मोहनने ती घेतली. "टॉवेल घेतलास?" पेडणेकरांनी विचारलं.

"घेतला, बाबा."

गाडी वळणावरून गेली. आम्ही दोघं परत निघालो. ऊन चढत होतं. बाजार मागे पडला. आमच्या क्वार्टर्सचं फाटक आलं तसा मी वळलो, ते वळले नाहीत. तसेच सरळ चालत राहिले, हात मागे बांधून, दमणगंगेच्या पुलाच्या दिशेने. मी थोडं थांबून त्यांच्या मागोमाग गेलो.

"पेडणेकर, घर मागे राहिलं."

"हो का?" ते म्हणाले. पण थांबले नाहीत. मग मीही त्यांच्याबरोबर चालू लागलो.